बदामाची खाच

गणपतीच्या चौथ्या दिवशी दुपारी तीन वाजता हॉलमध्ये कोण असतं? खुर्चीवर झोपलेला चौकीदार, आणि माझ्यासारखा एखादा, ज्याला घरच्यांनी "तिकडे काही हवं-नको बघा" म्हणून पिटाळलेलं असतं. हवं-नको बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. सहाला भावगीतांचा कार्यक्रम, आणि भाचा रंगमंचावर ओणवा होऊन दोन काळी खोकी वीतभर इकडे, वीतभर तिकडे सरकवत होता.

ते मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला त्याचाच आवाज ऐकवणारे स्पीकर. जुन्या पेढीवर मुनीमजींच्या पुढ्यात उतरतं डेस्क असायचं, तसली तिरपी खोकी, जमिनीवर पडून वर बघणारी. तोंड गाणाऱ्याकडे, पाठ आपल्याकडे. कितीतरी वर्षं मला वाटायचं की आत दिवे असतात.

"मामा, माइकवर बोला ना जरा काही."

"हॅलो," मी म्हणालो. माइकपुढे उभं राहिलं की मला दुसरं काही सुचत नाही, आणि ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर भागात कुणाला सुचलेलंही मी पाहिलेलं नाही.

लहानपणी माइकवाला हातगाडी घेऊन यायचा. गाडीत एक मशीन (अँप्लिफायर हा शब्द गल्लीत कुणी वापरत नसे), दोन भोंगे आणि वायरीचं भेंडोळं. मशीन चालू केलं तरी लगेच बोलायचं नाही. "गरम होने दो," असं म्हणून तो बिडी पेटवी. मग जाळीमागे वॉल्व्ह हळूहळू नारिंगी व्हायचे आणि वर्षभर बसलेली धूळ जळल्याचा वास सुटायचा. गणपती आले असं मला त्या वासानं वाटे, उदबत्तीनं नव्हे. हल्लीच्या मशीनला वासच नाही. भाच्याचा पॉवर अँप्लिफायर दोन पाट एकावर एक ठेवावेत एवढा, आणि त्याचा पंखा तेवढा सूं-सूं करतो.

मी सात वर्षांचा असताना पाठांतर स्पर्धेत मला उभं केलं होतं. एक भोंगा निंबावर बांधलेला, दुसरा समोरच्या गच्चीच्या कठड्याला. मी पहिला चरण म्हटला, तर समोरून दुसऱ्या कुणी मुलानं तोच म्हटला. मला वाटलं, त्याचाही नंबर असेल. दुसरा बोलत असताना मधे बोलायचं नाही ही घरची शिस्त, म्हणून मी थांबलो. तोही थांबला. मी सुरू केलं की तोही सुरू. तीन चरण आमचं असं भिडस्तपणे चाललं आणि मग मी रडत खाली उतरलो. आई म्हणाली, "अरे, इतकं छान ऐकू येत होतं! थांबलास कशाला?"

भाच्याला हे सांगितल्यावर तो हसला नाही, त्यानं हिशेब मांडला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. आमचा हॉल वीसेक मीटर. म्हणजे मागच्या भिंतीला आपटून परत यायला चाळीस मीटर, सेकंदाचा आठवा भाग. द्रुत तीनतालात मात्रा पाव सेकंदाची धरली, तर भिंतीवरून येणारा आवाज अर्धी मात्रा मागे. गाणाऱ्यानं तेच ऐकत गायचं म्हटलं की तो लयीत मागे सरकणारच. म्हणून त्याच्या पायाशी त्याचाच आवाज, ताबडतोब, हातभर अंतरावरून. आणि लोक मात्र भिंत जे फुकट देते तेच पैसे मोजून घेतात! 'एको' वाढवून "चपला बाहेर काढा ढा ढा ढा" असं ऐकल्याशिवाय कार्यक्रम झाल्यासारखा वाटत नाही कित्येकांना. माझा हा एक जुना राग आहे, असो.

मिक्सरवर प्रत्येक चॅनलला 'ऑक्स' म्हणून एक नॉब असतो, मॉनिटरची लाइन त्याच्यावरून निघते. ती 'प्री' ठेवायची, म्हणजे लोकांसाठी फेडर (आवाजाची सरकती दांडी) खाली-वर केला तरी गाणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. तो ऐकतो ते निराळं, आपण ऐकतो ते निराळं, दोन्हीचा नळ वेगळा. मशीन सगळ्यांच्या शेवटी चालू करायचं, पंगतीत वाढपी शेवटी बसतो तसं. उठायचं मात्र सगळ्यांच्या आधी, नाहीतर धाडकन आवाज येऊन स्पीकर जातो. आठ-आठ ओहमचे दोन मॉनिटर एका वायरीवर जोडले की मशीनला चारच दिसतात. कुणी प्रेमानं "माझ्याकडेही एक ठेव की" म्हणालं तर तिसरा त्याच वायरीवर लावायचा नाही, मशीन तापून बसतं. आणि कलाकाराला मॉनिटरमध्ये नेहमी काहीतरी "थोडं वाढवून" हवं असतं. कमी करा म्हणणारा अजून जन्मायचाय. अशा वेळी भाचा मान डोलावतो, नॉबला बोट लावतो, फिरवत काहीच नाही, आणि विचारतो, "आता?" "हां! आता कसं बरोबर."

मला आवडला तो बदाम. गाण्याचा माइक सगळीकडचं सारखं ऐकत नाही. त्याच्या ऐकण्याचा नकाशा काढला तर पत्त्यातल्या बदामासारखा निघतो: पुढे फुगीर, आणि मागे, दांड्याच्या बाजूला, जिथे बदामाला खाच असते तिथे तो जवळजवळ बहिरा. मॉनिटर ठेवायचा त्या खाचेत. वीतभर इकडे-तिकडे चाललं होतं ते खाच शोधणं होतं. मग भाचा मुद्दाम आवाज वाढवत नेतो, सीटी मारेपर्यंत (मॉनिटरचा आवाज माइकमध्ये शिरून फिरत राहिला की ती वाजते). ज्या पट्टीत सीटी वाजली, इक्वलायझरवरची (त्यात प्रत्येक पट्टीची दांडी वेगळी) तेवढीच दांडी जराशी खाली ओढतो, की पुन्हा वाढवणं, पुढची सीटी. अर्धा तास हेच.

पहिली सीटी वाजली तेव्हा मी सवयीनं माइकवर हात झाकला. सगळे तेच करतात. सीटी दुप्पट झाली.

"झाकू नका मामा! हात काढा! झाकलं की त्याची खाच बुजते."

आमच्या बाबांना मॉनिटर वगैरे मान्य नव्हतं. हद्दू-हस्सू खाँसारख्या ख्यालगायकांच्या गावात गाण्यासाठी माइक मागणं म्हणजे त्यांच्या मते उसने पैसे आणून श्राद्ध घालणं. माधव संगीत महाविद्यालयात ते दोन-तीन वर्षं शिकले होते आणि गळा खुला, ग्वाल्हेरी. "आमचा मॉनिटर पाठीशी बसायचा," असं म्हणत. म्हणजे मागचे दोन तानपुरे. आणि स्वतःचा सूर तपासायचा झाला तर डाव्या कानावर तळवा.

सत्तरीनंतर त्यांना कमी ऐकू यायला लागलं. नुसता चहा मागितला तरी शेजारची बाई खिडकीत यायची, कारण स्वतःचाच आवाज त्यांना पोचत नव्हता. मग कानातलं मशीन आलं. त्यात सगळं तेच: माइक, अँप्लिफायर, स्पीकर, फक्त अंगठ्याच्या पेराएवढ्यात, आणि खाच ठेवायला जागा नाही. डिसेंबरात तानसेन समारोहाला ढोलीबुवांची हरिकथा त्यांना चुकवायची नसे, संध्याकाळच्या सभेलाही बसायचेच. थंडी म्हणून मफलर कानावरून घट्ट. ऐन आलापात बारीक सीटी सुरू झाली. लोक वळून आवाजवाल्याकडे बघायला लागले. तो बिचारा एकेक फेडर खाली घेऊन बघतोय, सीटी काही जाईना. बाबा डोळे मिटून डोलत होते. इतक्या वरचा सूर त्यांना ऐकूच येत नसे. आई माझ्याकडे बघत होती आणि मी तंबूच्या छताकडे.

घरीही ती वाजायची. बाहेरगावी निघताना मी पाया पडलो की ते माझं डोकं उचलून छातीशी, कानाशी धरत, आणि कीं सुरू. मला हसू येई. आईनं एकदा त्यांना सांगितलं, "तुमचं यंत्र ओरडतं हो, पोराला जवळ घेतलं की." त्यानंतर मी निघायच्या वेळी ते आधी मशीन काढून सदऱ्याच्या खिशात टाकत आणि मग मला जवळ घेत.

म्हणजे तेवढ्या वेळात मी जे काही बोललो असेन, त्यातलं त्यांना काही ऐकू आलेलं नसणार.

"मामा, अजून एकदा बोला," भाचा मिक्सरवरून ओरडला.

मी पुन्हा हॅलोच म्हणालो.