आरएक्स १०० ला आरपीएम मीटर बसवला, काटा नाचायचा थांबला

मागच्या वेळी चेसिसचं पावडर कोटिंग (पावडर भट्टीत भाजून बसवलेला जाड रंग) आणि टाकीचा रंग झाला इथपर्यंत सांगितलं होतं. त्यानंतर दीड महिना गाडी नुसती चालवली आणि आता मीटरचं काम हातात घेतलं. गाडी तीच, १९९४ ची यामाहा आरएक्स १००, टू-स्ट्रोक बाइक, इंदूर पासिंग. कंपनीने हिला स्पीडोमीटर दिला पण आरपीएम मीटर, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेऱ्या मारतं ते दाखवणारा, दिला नाही, आणि माझ्या मते ज्या गाडीला तो सगळ्यात जास्त हवा ती हीच. ९८ सीसीतून ११ बीएचपी (हॉर्सपॉवर) निघतात पण ते ७,५०० आरपीएमला, म्हणजे सगळा जोर वरच्या मजल्यावर ठेवलाय. कानाला ते कळतंच, पाच-साडेपाच हजारानंतर आवाज बदलतो आणि गाडी हातातून ओढते, पण नेमकं कुठे बदलतो ते मला आकड्यात बघायचं होतं.

मीटर ६० मिमीचा गोल, काळी डायल, पांढरा काटा, १३ हजारापर्यंत आकडे. इंदूरच्या छोटी ग्वालटोलीतून घेतला. तीन वायरी बाहेर येतात, लाल, काळी आणि पिवळी सिग्नलची. मागे एक छोटा स्विच, ०.५, १ आणि २ असा. सोबत जो कागद होता त्यावर यापेक्षा जास्त काही लिहिलेलं नव्हतं.

सुरू करायच्या आधीच ठरवलं होतं की कंपनीच्या वायरिंगला ब्लेड लावायचा नाही. एकही वायर कापायची नाही, सोलायची नाही. इतक्या वर्षांनी ती वायरिंग अजून मऊ आहे, रंग ओळखू येतात, असं वायरिंग आता कुठे मिळतं. हेडलाइटच्या वाटीत सगळे जोड गोल पिनांचे आहेतच, मग एक नर दोन माद्या अशी छोटी जोडवायर बनवली, जेल रोडवरून पिना आणि श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) आणून, आणि ती मूळ जोडाच्या मध्ये घातली. उद्या मीटर काढायचा झाला तर जोडवायर काढा, जुन्या पिना एकमेकीत घाला, गाडी जशी होती तशी.

पॉवर कुठून घ्यायची हा पहिला प्रश्न, आणि इथे घाई करू नका. वाटी उघडली की सगळ्यात जवळ हेडलाइटची वायर दिसते, तिथूनच घ्यावं असं वाटतं. मी आधी मल्टीमीटर लावला म्हणून वाचलो. डीसीवर, म्हणजे बॅटरीसारख्या करंटवर, ठेवलं तर आकडा काहीच्या काही, एसीवर ठेवलं तर व्यवस्थित व्होल्टेज आणि रेस दिली की वर चढतं. म्हणजे हेडलाइट सरळ मॅग्नेटोच्या, इंजिनासोबत फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या, एसीवर चालतो, बॅटरीचा संबंध नाही. म्हणून तर आरएक्सचा लाइट आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) मंद आणि रेसला लख्ख असतो. त्या वायरीवर मीटर लावला असता तर लवकरच गेला असता. बरोबर वायर म्हणजे ब्राऊन, चावी फिरवल्यावर जिच्यात बॅटरीचा करंट येतो ती. लाल कायम चालू असते, ती नको, चावी काढली तरी मीटर जागा राहील आणि आपली बॅटरी अडीच अँपिअर-अवरची, ती किती पुरणार. ब्राऊनवरून घेतली, मध्ये १ अँपिअरचा फ्यूज टाकला. मीटर दिव्यासकट ओढतो ०.१२ अँपिअर, मी मोजलं, म्हणजे दीड वॅटच्या आत, चार्जिंगला त्याचं ओझं नाही.

आता सिग्नल. दुकानात एकाने अगदी आपुलकीने सांगितलं, "भिया, कॉइल के तार में जोड़ दो, हो गया." जुन्या पॉइंटवाल्या (ठिणगीसाठी यांत्रिक स्विच असलेल्या) बॅटरीवरच्या गाड्यांना ते चालतं, तिथे कॉइलला करंट बॅटरीतूनच येतो. आपल्या गाडीला सीडीआय, म्हणजे ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा, आहे, त्याच्या आतला कपॅसिटर काहीशे व्होल्टपर्यंत चार्ज होतो आणि तो सगळा एका झटक्यात ऑरेंज वायरीतून कॉइलमध्ये सोडला जातो. १२ व्होल्टच्या मीटरची पिवळी वायर त्या ऑरेंजला लावली तर पहिल्या किकला मीटर संपला. म्हणून कुठेही जोड न देता पिवळी वायर प्लगच्या जाड वायरीभोवती पाच वेढे घट्ट गुंडाळली, टोकाला स्लीव्ह आणि वर टेप. प्लग ठिणगी मारतो तेव्हा शेजारच्या वायरीत हलकासा धक्का उमटतो, मीटर तोच मोजतो.

किक मारली, काटा उठला, आनंद झाला, पण आयडलला काटा २,६०० वर. रेस दिली तर लगेच दहा हजाराच्या पार. स्विच ०.५ वर होता. ती सेटिंग दोन फेऱ्यांत एक ठिणगी मारणाऱ्या इंजिनासाठी असते, आपलं टू-स्ट्रोक प्रत्येक फेरीला ठिणगी मारतं. १ वर केला आणि काटा १,३०० वर आला.

पण १,३०० म्हणजे खरंच १,३०० का? दुसरा मीटर नाही, कोणाकडे टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा तपासणीचा दिवा) नाही. इथे बाबा कामाला आले. बाबा पन्नास वर्षं गातायत, पट्टी काळी एक, घरात इलेक्ट्रॉनिक तानपुरा रोज लागतो. मी हिशोब केला, काळी एकचा सा म्हणजे साधारण १३८.६ हर्ट्झ, त्याच्या खालचा सा निम्मा, ६९.३. टू-स्ट्रोक सिंगलचा सायलेन्सर प्रत्येक फेरीला एकदा बोलतो, म्हणजे ६९.३ गुणिले ६०, आरपीएम ४,१५८. अंगणात तानपुरा लावला, बाबा खुर्ची घेऊन बसले, मी हळूहळू रेस वाढवत गेलो. बाबा डोळे मिटून, हाताने वर, अजून वर, थोडं खाली, आणि मग हात स्थिर. "लागला." मी काट्याकडे बघितलं, ४,२०० च्या रेषेला नावापुरता कमी. परत केलं, परत तिथेच. मला त्या क्षणी मीटरपेक्षा बाबांच्या कानाचं जास्त कौतुक वाटलं. बाबा म्हणाले गाडीचा सूर चांगला आहे, फक्त खालचा आवाज खरखरीत आहे, आणि ते बरोबर होतं, सायलेन्सरची आतली जाळी कार्बनने भरली होती, ती नंतर काढून साफ केली.

इथे काम संपलं असं वाटलं होतं. रात्री गाडी काढली, पलासियापर्यंत ठीक, सिग्नलला डावा इंडिकेटर दिला आणि काटा नाचायला लागला. ३ हजार, ६ हजार, ३ हजार. आधी संशय प्लगच्या वायरीवर गेला. वेढे पाचाचे तीन केले, फरक नाही. प्लग कॅप साधी होती ती बदलून ५ किलो-ओहम रेझिस्टन्सवाली टाकली, साध्या कॅपमधून विजेचा गोंगाट बाहेर पडतो म्हणतात आणि खरंच काटा वरच्या रेसला जरा स्थिर झाला, पण इंडिकेटरवर नाच चालूच. दोन रविवार यात गेले. मग लक्षात आलं की काटा इंडिकेटरच्या टिकटिकीच्या ठेक्यातच उडतोय, आणि ब्रेक दाबला की पण एकदा उडतो. म्हणजे इग्निशन (ठिणगीची बाजू) नाहीच, हे बॅटरीच्या बाजूचं काहीतरी आहे.

मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मीटरच्या काळ्या वायरीला. दोन्ही अर्थच (करंट बॅटरीकडे परत जायची वाट), आकडा शून्याजवळ हवा. इंडिकेटर बंद, ०.०६. इंडिकेटर चालू, ०.८ व्होल्ट! दोन १० वॅटचे बल्ब म्हणजे जेमतेम १.७ अँपिअर, त्यावर ०.८ पडतायत म्हणजे अर्थच्या वाटेत कुठेतरी अर्धा ओहम बसलाय. टाकी काढली, वायरिंगचा अर्थचा छल्ला चेसिसला जिथे बोल्टने लागतो तिथे बघितलं, छल्ला पावडर कोटिंगच्या वर बसवलेला. मीच बसवला होता, तेव्हा चकचकीत रंगावर ओरखडा नको म्हणून. सगळा करंट फक्त बोल्टच्या आट्यांतून कसाबसा जात होता. सगळे दिवे आणि मीटर यांचा करंट त्याच वाटेने परत जातो, म्हणून दिवा लागला की मीटरची जमीनच वर-खाली व्हायची आणि तो धक्का त्याला ठिणगीसारखा वाटायचा.

१२० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन रुपयाएवढी जागा चकचकीत लोखंडापर्यंत घासली, दातेरी वॉशर टाकला, बोल्ट कसला, वरून ग्रीस, नाहीतर पहिल्या पावसातच गंज. इंडिकेटर लावून परत मोजलं, ०.०४. काटा हलला नाही. आणि हॉर्नचा जुना बसका आवाजपण सुधारला, मी इतके दिवस हॉर्नला दोष देत होतो.

चेसिस पावडर कोट करणाऱ्या सगळ्यांना कळकळीने सांगतो, कोटिंगला देण्याआधी अर्थच्या बोल्टची आणि इंजिन माउंटिंगची जागा मास्किंग टेप लावून झाकायला सांगा. कोटिंग वीज जाऊ देत नाही, आणि हा दोष कुठल्याही नव्या पार्टच्या नावाने दिसतो, मूळ जागेवर कधीच दिसत नाही.

काल सकाळी पोहे खाऊन तेजाजी नगरहून सिमरोलकडे काढली. चौथ्या गिअरला ताशी ६० ला पाच-सव्वापाच हजार. भेरूघाटात तिसऱ्यात ५,४०० ला खाली बसलेला आवाज एकदम उघडतो, आता तो आकडा माहीत आहे, पाच हजाराखाली चढावर ओढत बसायचं नाही, एक गिअर खाली टाकायचा. मीटरची काच आतून थोडी धुरकटली होती, मागच्या रबराला सिलिकॉन लावून ठेवलंय, आणि त्याचा ब्रॅकेट ७ हजारावर थरथरतो, त्याला जाड रबराचा वॉशर बघायचाय. ते झालं की बाबांना मागे बसवून जाम गेटपर्यंत.