तुम्ही विचारलंत म्हणून: वजनं उचलताना पायात काय घालावं?

"मॅडम, वजनं उचलायला कोणते शूज घेऊ?" जिममध्ये शिकवणाऱ्या माझ्यासारखीला हा प्रश्न आहाराच्या प्रश्नापेक्षाही जास्त वेळा येतो. विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा फोन असतो, त्यावर दोन-तीन जोड्यांचे फोटो असतात आणि त्यातल्या एकावर मी बोट ठेवावं एवढीच अपेक्षा असते. मी बोट ठेवत नाही. आत्ता पायात जो बूट आहे तो काढायला सांगते आणि टाचेजवळ, सोलच्या बाजूनं, अंगठा जोरात दाबून बघायला लावते. अंगठा आत रुतला तर तो बूट वजनाखाली उभं राहायच्या कामाचा नाही. माझं अर्धं उत्तर इथंच होतं. पण कारण कळल्याशिवाय ते कुणाला पटत नाही, आणि पटू नयेच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

धावण्याचा बूट वाईट नसतो, त्याचं काम वेगळं असतं. पळताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर आदळतो. हा दणका सौम्य व्हावा म्हणून सोलमध्ये फोमचा जाड थर असतो, आणि टाच चवड्यापेक्षा साधारण 8 ते 12 मिलिमीटर उंच ठेवलेली असते. वजन उचलताना आदळणं नसतंच. तुम्ही एका जागी उभे असता, खांद्यावर किंवा हातात भार असतो आणि तो पेलण्यासाठी जमीन पायानं रेटायची असते. अशा वेळी पाय आणि जमीन यांच्यामध्ये दबणारं काही असलं की तुम्ही गादीवर उभं राहून ओझं उचलायला निघालेले असता. त्यातही फोम सगळीकडे सारखा दबत नाही, जिकडे भार जास्त तिकडे तो जास्त खचतो. म्हणजे तुमचा पाय मुळात आतल्या बाजूला कलत असेल तर फोम त्याला आणखी आत घेऊन जातो. पायामागून घोटा जातो आणि घोट्यामागून गुडघा.

माझ्याकडे एक काकू येतात. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी बार, म्हणजे वजनाच्या प्लेट लावायचा लोखंडी दांडा, हातात घेतला आणि आता मनापासून स्क्वॉट, म्हणजे बार खांद्यावर घेऊन बैठका, करतात. त्यांच्या मुलानं हौसेनं जाड, मऊ सोलचे धावण्याचे शूज आणून दिले होते. ते घालून आल्या त्या दिवशी त्यांचा उजवा गुडघा दर बैठकीला आत वळायला लागला. मी फोन जमिनीवर ठेवला आणि मागून, अगदी टाचांच्या उंचीवरून व्हिडिओ काढला. हळू करून पाहिल्यावर सगळं स्पष्ट दिसलं. काकू अर्ध्यावर आल्या की उजव्या टाचेखालचा फोम आतल्या कडेला चेपत होता, त्यावर सुरकुत्या पडत होत्या, बुटाची मागची शिवण तिरकी होत होती आणि लगेच गुडघा सुटत होता. शूज काढून त्याच वजनानं पुन्हा सेट केला, पुन्हा व्हिडिओ काढला. घोटा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली. काकू दोन्ही व्हिडिओ आलटून पालटून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे दोन्ही माझेच पाय का?"

प्रत्येकाचा गुडघा बुटानंच आत जातो असं नाही. मांडीची आणि नितंबाची ताकद कमी असेल, वजन झेपण्यापलीकडचं असेल, तरीही तो जातो. पण बूट काढून बघायला दोन मिनिटं लागतात, म्हणून तपासणी मी तिथूनच सुरू करते. बूट बदलल्यानं वजन वाढेल असं वचन मी कुणाला देत नाही. मला हवं असतं ते एवढंच की दहावी बैठक पहिल्या बैठकीसारखी व्हावी, आणि त्यासाठी पायाखालचा तळ दर वेळी तसाच राहायला हवा.

उभं कसं राहायचं हेही इथंच सांगते, कारण बुटाची निवड त्यावरच ठरते. तळपायाचे तीन बिंदू जमिनीवर टेकलेले हवेत: टाच, अंगठ्याच्या मुळाशी असलेला चवड्याचा उंचवटा आणि करंगळीच्या मुळाशी असलेला. या तिन्हींवर भार वाटला गेला की पायाची कमान आपोआप जागी राहते. बोटं पसरायला जागा हवी. पुढून निमुळता बूट घातला की अंगठा आत ढकलला जातो आणि तो बिंदू दुबळा होतो. म्हणून कडक सोलइतकंच महत्त्व मी पुढच्या रुंदीला देते. दुकानात हा मुद्दा सहसा कुणी काढत नाही.

आता उंच टाचेच्या खास वेटलिफ्टिंग शूजकडे येऊ, कारण फोनवरचे फोटो बहुधा त्यांचेच असतात. त्यांची टाच साधारण 15 ते 22 मिलिमीटर उंच असते आणि ती अजिबात दबत नाही. पूर्वी ती लाकडाची किंवा चामड्याचे थर एकावर एक चढवून केलेली असायची, आता बहुतेक कडक प्लास्टिकची असते. वरून एक-दोन आडवे पट्टे असतात, पाय आत सरकू नये म्हणून. ही टाच आली ती ऑलिंपिक वेटलिफ्टिंगमधून. एके काळी बरेच वेटलिफ्टर स्नॅच (बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर) आणि क्लीन (बार आधी खांद्यांपर्यंत) करताना एक पाय पुढे, एक मागे टाकून बारखाली जात. पुढे दोन्ही पायांवर खोल बसून बार झेलायची पद्धत रुळली. स्नॅचमध्ये बार डोक्यावर आणि आपण तळाशी, धड ताठ. त्या अवस्थेत गुडघा पायाच्या बोटांच्या बराच पुढे जातो, नडगी खूप झुकते आणि घोट्याला भरपूर वाकावं लागतं. टाच उंच असली की घोट्याला तेवढं वाकावं लागत नाही, नडगी सहज पुढे येते आणि धड सरळ राहतं.

त्यामुळे उंच टाच कुणाला लागते हे तुमचा घोटा सांगेल. भिंतीसमोर एक गुडघा टेकून बसा, दुसरा पाय पुढे, अनवाणी. पुढच्या पायाची टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागला तर पाय थोडा मागे घ्या, पुन्हा लावा. अंगठा आणि भिंत यांच्यात दहा सेंटिमीटर किंवा जास्त अंतर ठेवून गुडघा टेकत असेल तर घोटा बऱ्यापैकी मोकळा आहे. चार-पाच सेंटिमीटरवरच टाच उचलायला लागली तर खोल स्क्वॉटमध्ये तुम्ही पुढे झुकणार किंवा टाचा उचलणार हे जवळजवळ ठरलेलंच. दोन्ही पाय वेगवेगळे तपासा. जुना मुरगळलेला घोटा बऱ्याचदा कमी वाकतो.

घोटा आखडलेला असेल तर आधी पोटऱ्या ताणून आणि मोकळं करून बघावं, मगच बूट घ्यावेत, असं पुष्कळ जण सांगतात. मला हे अर्धंच पटतं. पोटरीचा ताठरपणा कमी होतो, त्यासाठी मेहनत जरूर घ्यावी. पण काहींच्या घोट्याची अडचण हाडाची असते, जुन्या दुखापतीनं किंवा जन्मजात ठेवणीनं, आणि ती कितीही ताणलं तरी हटत नाही. काहींच्या मांड्या धडाच्या मानानं लांब असतात, त्यांना खोल बसताना पुढे झुकावंच लागतं. अशांनी टाच वापरली तर त्यात पळवाट काढल्यासारखं काही नाही. ती त्यांची गरज आहे.

एक सोपी चाचणी आहे. हलकं डंबेल छातीशी धरा, टाचांखाली छोट्या चपट्या प्लेट ठेवा आणि पाच-सहा बैठका मारा. धड लगेच सरळ झालं, तळाशी बसणं सुखाचं वाटलं, तर उंच टाच तुमच्या उपयोगाची आहे. काहीच फरक जाणवला नाही तर पैसे वाचले. मात्र जड बार खांद्यावर घेऊन प्लेटवर उभं राहायचं नाही. पायाचा मधला भाग अधांतरी राहतो आणि प्लेट सरकू शकते. टाचेबरोबर भारही जागा बदलतो, हे लक्षात असू द्या. गुडघा पुढे गेला की मांडीच्या पुढच्या स्नायूंवर आणि गुडघ्यावर काम वाढतं, कंबर आणि नितंबावरचं थोडं कमी होतं. गुडघा आधीच कुरकुरत असेल तर नवे शूज घालून पहिल्या दिवशी नेहमीचं वजन लावू नका. काही आठवडे हलक्यावरच राहा.

डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरचा बार धरून सरळ उभं राहण्याला, मात्र उलटा न्याय. मोठ्या प्लेटचा व्यास 450 मिलिमीटर असतो, म्हणजे बारचा मध्य जमिनीपासून 22.5 सेंटिमीटरवर. ही उंची ठरलेली आहे. तुमची उंची बूट वाढवतो आणि बार तिथंच राहतो. तीन सेंटिमीटर जाड सोल घातला की बार तेवढा खालून उचलावा लागतो, आणि डेडलिफ्टमध्ये बऱ्याच जणांना अवघड जातो तो जमिनीपासून सुटण्याचाच टप्पा. शिवाय उंच टाच शरीराला चवड्यावर ढकलते, तर इथं भार पायाच्या मध्यावर आणि टाचेकडे हवा. म्हणून डेडलिफ्टचीही स्पर्धा करणारे पॉवरलिफ्टर त्यासाठी पातळ, सपाट तळाचं पायताण घालतात: डेडलिफ्ट स्लिपर, कुस्तीचे शूज, नाहीतर सपाट रबरी तळाचे साधे कॅनव्हासचे बूट. सुमो डेडलिफ्टमध्ये पाय रुंद ठेवून जमीन बाहेरच्या दिशेनं रेटायची असते. तिथं तळ पातळ असून भागत नाही, त्यानं पकडही घ्यायला हवी. घसरणारा तळ जड सुमोत जांघेला महागात पडतो.

बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर उताणं झोपून बार वर ढकलताना, पाय घसरू नयेत एवढं पुरे. बसून करायच्या मशिनवर पायात काय आहे यानं फारसं काही बिघडत नाही.

मग अनवाणीच का नको? पुष्कळांना ते जमतं. अर्नोल्ड श्वार्झनेगर यांचे अनवाणी व्यायाम करतानाचे जुने फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. तळपायाला जमीन कळते, बोटं पसरतात, मलाही डेडलिफ्ट शिकवताना पहिले सेट अनवाणी करून घ्यायला आवडतं. पण अटी आहेत. तुमच्या जिमची परवानगी हवी. नुसते मोजे घालून गुळगुळीत जमिनीवर जड वजन अजिबात नको, पाय सटकतो. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी अनवाणी अजिबात करू नये. त्यांना छोटी जखम कळतच नाही आणि ती चिघळते. वीस किलोची प्लेट पायावर पडली तर साधा बूटही फारसं वाचवत नाही, पण रॅकच्या (बार ठेवायच्या स्टँडच्या) पायाला करंगळी ठेचण्यापासून तो नक्की वाचवतो. आणि स्पर्धेत उतरायचं असेल तर पायताण लागतंच. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमांनुसार अनवाणी उचलता येत नाही.

ज्यांच्या व्यायामात थोडं वजन, थोड्या उड्या, थोडं पळणं असं सगळं एकत्र असतं, त्यांना क्रॉस-ट्रेनिंगचे शूज बरे. टाच घट्ट, चवड्यापेक्षा तिची उंची अगदी थोडी जास्त, पुढचा भाग वाकणारा. तो कशातच अव्वल नसतो, पण कशातच घात करत नाही. उंच टाचेचे वेटलिफ्टिंग शूज घालून ट्रेडमिलवर जाणारे मी थांबवलेले आहेत. त्यांचा तळ वाकत नाही, पळण्यासाठी तो बनलेलाच नाही.

खरेदीपुरतं थोडं. पाय दिवसभरात थोडे सुजतात, म्हणून संध्याकाळी मापून घ्या, आणि व्यायामाला जे मोजे घालता तेच घालून. धावण्याच्या बुटात पुढे मोकळी जागा ठेवतात, इथं बूट अंगासरशी हवा, पण बोटं आत पसरता आली पाहिजेत. लेस बांधून, पट्टे ओढून दुकानातच खोल बसून बघा. टाच आतल्या आत उचलली जात असेल तर तो बूट कितीही देखणा असला तरी ठेवून द्या. घेतल्यावर ते जिमपुरतेच वापरा. रस्त्यावरची धूळ तळाला बसली की पकड जाते.

आणि नुकतीच सुरुवात केली असेल तर काहीही विकत घेऊ नका. घरात सपाट, कडक तळाचा, पायात घट्ट बसणारा एखादा बूट असेलच. पहिले काही महिने त्यावर आरामात निघतात. तोवर स्क्वॉटची तुमची ठेवण कशी आहे, घोटा किती साथ देतो, स्नॅच-क्लीनकडे वळायचंय की डेडलिफ्टमध्येच मन रमतंय, हे कळलेलं असतं.

सपाट तळपाय असलेल्यांचा प्रश्न राहिला. डॉक्टरांनी बुटात घालायला इनसोल दिलं असेल तर माझ्या सांगण्यावरून ते काढू नका, आधी त्यांना विचारा. नवे शूज बघायला जाताना ते इनसोल सोबत न्या. बुटातलं मूळचं इनसोल निघतंय का ते बघा, निघत असेल तर त्याच्या जागी तुमचं घालून, लेस बांधून, दोन-चार बैठका मारून बघा. मूळचं निघत नसेल तर दुसरा जोड मागा.