ईस्टरला कोल्हापूरला जाताय? शुक्रवारीच पोचा

आजीला कोल्हापुरात माती दिली त्याला चार वर्षं झाली. दरवेळी आम्ही शनिवारी रात्री पुण्याहून निघायचो, रविवारची उपासना केली की परत. यंदा आई म्हणाली नीट जाऊया, म्हणून गुरुवारी रात्रीच एसटी पकडली.

लॉज आधी बुक करा बरं का. ईस्टर पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो आणि जोतिबाची यात्रा चैत्र पौर्णिमेला, २०२३ ला दोन्ही एकाच आठवड्यात होतं.

शुक्रवारी, म्हणजे येशूला क्रुसावर दिलं त्या गुड फ्रायडेला, दुपारी न्यू शाहूपुरीतलं वायल्डर मेमोरियल चर्च, १८५२ ला इथं आलेल्या रॉयल वायल्डर मिशनरींच्या नावाचं. येशू क्रुसावरून बोलला त्या सात वचनांची उपासना लांब चालते, पाण्याची बाटली ठेवा. दफनाचा भाग ऐकताना मी पार हललो. येशूचा शिष्य अरिमथाईकर योसेफ रोमी सुभेदार पिलाताकडं जाऊन येशूचं शरीर मागतो, दुसरा एक यहुदी पुढारी निकदेम शंभर रत्तल गंधरस-अगरू ही सुगंधी द्रव्यं आणतो, म्हणजे तीस किलोच्या वर, आणि शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, लागायच्या आत सगळं उरकायचं असतं. आजीच्या वेळी आमचीही अशीच पळापळ, पेटी आणा, पाळकांना फोन करा, अंधार पडायच्या आत पोचा. येशू खरंच मेला, त्याला खरंच कबरेत ठेवलं, हे त्या दुपारी आत गेलं. नुसतं रविवारी येऊन ते होत नाही हो.

शनिवारी दफनभूमीत गवत काढलं, कबरेला चुना दिला. विळा, ब्रश, चुना सोबत न्या आणि ऊन चढायच्या आत उरका. शास्त्रात त्या दिवशी येशूमागं आलेल्या बायका आज्ञेप्रमाणे विसावा घेतात, आम्हीही दुपारभर पडून राहिलो.

रविवारी मात्र अंधारातच निघा, उजाडायची वाट बघू नका, येशूची शिष्या मग्दालीया मरीया पण त्याच्या कबरेकडं अंधार असतानाच गेली होती. मेणबत्त्या, काडेपेटी, टॉर्च घ्या. पहाटेची उपासना किती वाजता ते शुक्रवारीच विचारून ठेवा. आजीच्या कबरेपाशी आई योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय वाचत होती, येशूच्या कबरेवरची धोंड बाजूला झालेली, तागाची वस्त्रं पडलेली, डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला. मरीया उठलेल्या येशूला माळी समजते, तो नुसतं "मरीये" म्हणतो आणि ती ओळखते. तिथं आईचा आवाज थांबला, आजीचं नावही मरीयाच होतं. पुढचं मी वाचलं.

परतीची गाडी संध्याकाळची घ्या. उपासनेनंतर कुणी ना कुणी घरी नेतंच आणि तांबडा-पांढरा प्यायल्याशिवाय सोडत नाहीत.