मांजरेच्या काठी, पाणमांजराच्या मागावर

आधीच सांगून टाकतो, पाणमांजर (इंग्रजीत ऑटर) दिसलं नाही. दोन वर्षांत मिळून पाच दिवस फिरलो, पण पाण्याबाहेर आलेलं डोकंसुद्धा नशिबात नव्हतं. तरी तिसऱ्यांदा जाणार आहे.

भाग म्हणजे नांदेड जिल्ह्याचा पार टोकाचा कोपरा, बिलोली आणि धर्माबाद तालुका. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावलेली मांजरा लातूर, बीदर, तेलंगण असा मोठा वळसा घालून इथं पुन्हा आपल्या हद्दीला लागते आणि कंदकुर्तीला गोदावरीत मिसळते. मांजरेत पाणमांजर, हा विनोद सोबतच्या मित्रानं पहिल्याच दिवशी चार वेळा केला. काठावर मात्र हा शब्द कामाचा नाही. 'पाणमांजर पाहिलं का' म्हणून मी विचारत फिरलो, तर एकानं मुंगसाचं बीळ दाखवलं आणि दुसऱ्यानं छतात राहणाऱ्या उदमांजराची गोष्ट सांगितली. मग एका म्हाताऱ्यानं विचारलं, "ऊद म्हणता का? पाण्यातला?" पलीकडच्या काठाला तेलुगूत नीटिकुक्का, म्हणजे पाण्यातलं कुत्रं. हे दोन शब्द पाठ करून जा.

पहिली खेप वाया गेली ती आमच्याच अडाणीपणामुळे. मार्चचा पहिला आठवडा धरून गेलो आणि बाभळी बंधाऱ्याखाली गोदावरीच्या वाळूवर ठसे शोधायला बसलो. वाळू ओली, धुतल्यासारखी साफ. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार बाभळीचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे असतात आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावं लागतं. शेजारच्या राज्याशी चाललेला बंधाऱ्याचा वाद आयुष्यभर पेपरात वाचला, पण त्या पाण्यासोबत ठसेही जातील हे काही सुचलं नाही. तेव्हा डिसेंबर ते फेब्रुवारी जा. आमची दुसरी खेप जानेवारीची होती आणि गोदावरीचा नाद सोडून आम्ही मांजरेचे डोह धरले.

मुक्काम धर्माबादला केलात तर बरं. नांदेड-निजामाबाद मार्गावरचं स्टेशन आहे, लॉज साधे आहेत. मिरचीच्या बाजाराचं गाव असल्यानं हंगामात स्टेशनाबाहेर पडल्या पडल्या शिंका सुरू होतात. तिथून मोटारसायकल हवीच. पहाटे साडेपाचला नदीवर पोचायचं, कारण एकदा बैलगाड्या आणि टिपर सुरू झाले की वाळू वाचता येत नाही.

दुसऱ्या सकाळी एका सपाट खडकावर विष्ठेचा ढीग सापडला. जुनी पांढुरकी पडून भुरभुरीत झालेली, वर ताजी काळपट, चिकट. काडीनं फोडली तर आत नुसते खवले आणि बारीक काटे. वास सडक्या मासळीचा, पण त्यात कसलासा गोडसर उग्रपणा. एकदा घेतला की विसरत नाही, नाकाला रुमाल लावू नका. खडकापासून पाण्यापर्यंत ठसे होते. कोल्ह्या-कुत्र्याच्या पंज्याला चार बोटं उमटतात, इथं पाच होती आणि ओल्या चिखलात बोटांमधल्या पडद्याची पुसट रेघ. बाजूला ओढलेल्या शेपटीचा चर. मी तरी ऊदच म्हणेन. मोजायला पट्टी ठेवा आणि पट्टीसकट फोटो घ्या. नुसत्या ठशाच्या फोटोवरून नंतर कुणीच काही सांगू शकत नाही.

डोहाचं नाव मुद्दाम देत नाही. हा प्राणी कातडीसाठी मारला जातो. २०१९ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या पहिल्या यादीत घातलं, आपल्याकडे २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तुम्हीही काही सापडलं तर ठिकाण स्टेटसला टाकू नका.

पण खरं काम खडकावर झालं नाही, झालं ते मासेमारी करणाऱ्या भोयांच्या वस्तीत. एक मामा झाडाखाली कांडाळी, म्हणजे मासे पकडायचं जाळं, पसरून बसले होते, पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून. ऊद म्हणताच तोंड कडू झालं. "रातच्याला येतेत अन् जाळं फाडून जातेत. मासा पोटाकडून खातेत, डोकं आमाला ठेवतेत. दीड हजाराचं जाळं हाय सर. रानडुकरानं ज्वारी खाल्ली तर पंचनामा होतो, आमच्या जाळ्याचा कोण करणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि तुमच्याकडेही नसणार. तिथं 'निसर्गातलं त्याचं स्थान' वगैरे सुरू करू नका. चहा घ्या आणि जाळं बघा.

जाळं बघताना मामाच सांगू लागले. हे भोक कासवाचं, खालच्या अंगाला. हे बाभळीच्या बुडक्यात अडकून फाटलं. हे वाळूच्या बोटीनं. ही तीन लागोपाठ, मधल्या पट्ट्यात, ही त्याची. आठवड्याचा राग मात्र सगळा ऊदाच्या नावावर. मासळी कमी का झाली हेही ते जाणून होते. वरच्या अंगाला कुणी जिलेटीन टाकतं, कुणी उन्हाळ्यात डोहात ब्लीचिंग पावडर. पण त्या माणसांशी भांडण काढायची सोय नाही. उदाशी आहे.

आणि वाळू. मांजरेची वाळू किती दूर जाते हे या भागात सांगायला नको. पाणमांजर काठाच्या बिळात, मुळ्यांच्या पोकळीत पिल्लं घालतं, आणि आपल्याकडे तो काळ साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी, म्हणजे नेमका वाळूसाठी काठ खरवडण्याचाही. आम्ही दुर्बीण लावून बसलो तर दोन मोटारसायकली येऊन थांबल्या. "कोणत्या ऑफिसचे?" प्राणी बघतोय म्हटलं, विश्वास बसला नाही. मोबाईलमधले विष्ठेचे अकरा फोटो दाखवल्यावर हसत गेले. म्हणून सांगतो, ड्रोन नेऊ नका, टिपरकडे कॅमेरा वळवू नका, आदल्या दिवशी सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटून ठेवा. कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावायचा तर वन विभागाचं पत्र खिशात हवं आणि जागा भोयांना विचारून ठरवलेली हवी, नाहीतर कॅमेराही जाईल आणि ओळखही. गोव्यात चोडण बेटावर कॅमेरा ट्रॅप लावून अभ्यास करणारी मंडळी आहेत, तसं कुणी इकडे यावं असं फार वाटतं.

निघताना एक उद्योग करून आलो. धर्माबादच्या बाजारातून नायलॉन दोऱ्याची दोन रिळं आणून मामांना दिली. उदानं फाडलेलं लाल दोऱ्यानं सांधायचं, बाकी सगळं निळ्यानं. मामा हसले, "हे काय खेळ लावला सर," म्हणाले, पण रिळं ठेवून घेतली.

परवा फोन आला. निळा संपत आलाय, येताना घेऊन या.