रजिस्टरमधला 4

मेडिकल ऑफिसर म्हणून आमच्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, रुजू झाले तेव्हा पहिल्याच मासिक मीटिंगला मी सगळ्यांना एकच विचारलं होतं, की काहीही झालं तरी कामात कोणती गोष्ट तुम्ही करणार नाही? मूल्यं, ध्येय वगैरे शब्द मुद्दाम वापरले नाहीत, ते ऐकले की लोक ट्रेनिंगला बसल्यासारखे बसतात. कुणी म्हणालं पेशंटला न तपासता परत पाठवणार नाही, कुणी म्हणालं पैसे घेणार नाही. आमचे परिचर मामा, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली, ते म्हणाले "माझ्या नातवाला जे टोचू देणार नाही ते दुसऱ्याच्या लेकराला पण टोचू देणार नाही." सगळे गप्प. ते मामांचं वाक्य मग न ठरवताच आमचं सगळ्यांचं होऊन गेलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, खरं सांगणाऱ्यावर मी ओरडणार नाही.

पाच महिन्यांनी, ऐन पावसाळ्यात, एका सोमवारी सकाळी साडेसातला सिस्टरांचा फोन. "मॅडम, आयएलआर मायनस दोन दाखवतोय."

लस ठेवायचा फ्रीज म्हणजे आयएलआर, त्यात तापमान 2 ते 8 डिग्रीच पाहिजे. लस गरम झाली की खराब होते हे सगळ्यांना माहीत असतं, पण पेंटा, हिपॅटायटिस बी, टीडी या लसी गोठल्या तरी वाया जातात हे पटकन लक्षात येत नाही. आणि त्यात वाईट म्हणजे कुपीवरचा व्हीव्हीएम, तो चौकोन, फक्त उष्णता दाखवतो. गोठून परत वितळलेल्या कुपीवरही तो पांढराच राहतो! नुसतं बघून काही कळत नाही.

मी धावतपळत पोचले, तापमानाचं रजिस्टर काढलं. शनिवार संध्याकाळ 4, रविवार सकाळ 4, रविवार संध्याकाळ 4. म्हणजे गडबड रात्रीतलीच, फार तर काही तासांची, असं मला वाटलं आणि जरा हायसं पण वाटलं. फार्मासिस्ट रजेवर गावाकडे गेलेला, तापमान नोंदवणाऱ्या लॉगरचं सिम दोन आठवडे बंद, त्यामुळे पुरावा म्हणून जे काही होतं ते रजिस्टरच. तीन ठिकाणी सत्रं लागलेली, आशाताईंनी घरोघरी निरोप दिलेले, बायका बाळांना घेऊन निघाल्या पण असतील.

तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, रविवारचे दोन्ही आकडे मी आज सकाळी भरले. काल मी आलेच नव्हते. कुपी हातात घेतली आणि मामांचं ते आठवलं."

खरं सांगते, माझ्या तोंडात शब्द आले होते. कसले ते इथे नाही लिहीत. पण त्याच पानावर खाली माझी सही होती, शनिवारी सकाळी केलेली, आणि ती करताना मी फ्रीजचं झाकण उघडलं नव्हतं. आधीची पानं चाळली तर तिथेही तेच, ओळीने 4, 4, 4 आणि खाली माझी सही. मी एवढंच म्हणाले, "बरं झालं आत्ता सांगितलंत."

मग सगळं भराभर झालं. गोठल्याने बिघडणाऱ्या सगळ्या लसी बाजूला काढून "वापरू नये" लिहून ठेवल्या, पोलिओचे तोंडाने द्यायचे थेंब, बीसीजी, एमआर चालणार होत्या. शेजारच्या पीएचसीतून लस मागवली, ड्रायव्हर भर पावसात गेला, मामांनी आइसपॅक बाहेर काढून हलवून आत पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबूनच कॅरिअर भरले, कारण कडक गोठलेला पॅक ठेवला तर रस्त्यात परत तेच व्हायचं. पहिलं सत्र सुरू व्हायला दुपारचे दोन वाजले. एक बाई दीड महिन्याचं बाळ घेऊन दहापासून उपकेंद्राच्या ओट्यावर बसलेली. आशाताईने तिला उशिराचं खरं कारण सांगितलं, लाइट गेली होती वगैरे काही नाही.

रात्री पेंटाची त्याच बॅचची एक कुपी डीप फ्रीझरमध्ये मुद्दाम गोठवायला ठेवली, मंगळवारी ती वितळू दिली आणि शेक टेस्ट केली. गोठवलेली आणि संशयातली, दोन्ही कुप्या सिस्टरांनी एकाच मुठीत धरून हलवल्या, टेबलावर ठेवल्या. आम्ही पाचजण खाली वाकून बघत होतो. दोन्हींचा गाळ सारख्याच वेगाने तळाला बसत गेला, वर स्वच्छ पाणी. म्हणजे संशयातली पण गोठलेलीच. मामा "अरे देवा" एवढंच म्हणाले. दुसरी बॅच पण तशीच निघाली. म्हणजे काही तासांच्या हिशोबाने आपण ती लस दिली असती तर बाळाला सुई टोचली गेली असती, कार्डावर तारीख पडली असती, आणि संरक्षणाची खात्री काहीच नाही.

तालुक्याला रिपोर्ट मीच लिहिला. न बघता केलेल्या सह्यांचं पहिल्या परिच्छेदात, खोट्या नोंदीचं दुसऱ्यात. सिस्टर म्हणाल्या मॅडम माझं आधी लिहा, पण मी क्रम बदलला नाही. खुलासा दोघींनाही मागितला गेला, दोघींनी दिला. तापमान का उतरलं तर उन्हाळ्यात जास्त थंडाव्यासाठी वाढवलेला थर्मोस्टॅट तसाच राहिला होता. आणि मुळात फार्मासिस्ट रजेवर असताना रविवारी कोणी यायचं हे मी ठरवूनच दिलं नव्हतं, सिस्टरांची आठवड्याची सुट्टी होती ती. एकटीवर सोडून वर प्रामाणिक राहा म्हणायचं, हे मला आता बोलवत नाही. आता रजेच्या यादीसोबतच रविवारच्या पाळ्या लागतात, माझी पण.

ऑगस्टमध्ये सही करायला बसले, आधी थर्मामीटर बघून आले. आकडे आता 4, 5, 3, 6 असे येतात. एका रविवारी सकाळचा रकाना रिकामा होता आणि शेजारी मामांच्या मोठ्या अक्षरात लिहिलेलं: "पुलावर पाणी, येता आलं नाही. दुपारी 1 ला बघितलं, 5."