माझ्या मते बॉन्ड्स आत, रोझ बाहेर, आणि लू व्हिटेकरचं काय?

डिसेंबर २०२५ मध्ये जेफ केंट बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये निवडून आला आणि त्याच मतदानात बॅरी बॉन्ड्सला पाचसुद्धा मतं पडली नाहीत. सोळा जणांची कमिटी, बारा मतं लागतात, केंटला पडली चौदा. दोघं सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून एकत्र खेळलेले, २००२ ला सॅन डिएगोत डगआऊटमध्ये कॅमेऱ्यासमोर एकमेकांच्या अंगावर गेलेले, २००० साली एमव्हीपी (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) केंटला मिळाला तेव्हा दुसऱ्या नंबरवर बॉन्ड्सच होता. केंट चांगला प्लेयर होता, त्यात वादच नाही, सेकंड बेसमन (दुसऱ्या बेसजवळचा फिल्डर) म्हणून त्याच्याइतके होमरन (क्रिकेटच्या सिक्ससारखे) कोणीच मारलेले नाहीत. पण केंट चौथ्या नंबरवर बॅटिंगला यायचा तेव्हा त्याच्या आधी बेसवर (रन पूर्ण करायच्या वाटेवरच्या थांब्यावर) जाऊन उभा कोण असायचा? बॉन्ड्स. ज्याच्या जिवावर याचे रन वाढले तो बाहेर आणि हा आत, आणि वर परत सगळे म्हणणार की कमिटीने विचार करून निर्णय घेतला.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाऊन नावाचं एक छोटंसं गाव आहे, तिथे हे म्युझियम आणि निवडलेल्यांच्या ब्रॉंझच्या पाट्या. रिटायर झाल्यावर पाच वर्षं थांबायचं, मग किमान दहा वर्षं बेसबॉल कव्हर केलेले पत्रकार मत देणार, एकाने जास्तीत जास्त दहा नावं लिहायची, ७५ टक्के मिळाले तर आत. ५ टक्क्यांच्या खाली गेलात की यादीतून कायमचे बाद, नाहीतर दहा वर्षं चान्स (आधी पंधरा होता, २०१४ मध्ये कमी केला). इथून राहिलेल्यांसाठी मग त्या सोळा जणांच्या कमिट्या. आपल्याकडे सचिनला आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये कधी घेतलं हे कोणाला विचारा, दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही (२०१९). इथे अमेरिकेत मात्र जानेवारीत निकाल आला की लोक जेवता जेवता भांडतात. मारियानो रिवेराला २०१९ मध्ये सगळीच्या सगळी ४२५ मतं मिळाली, असा तो एकटाच, पुढच्या वर्षी डेरेक जीटरचं एक मत कमी पडलं, २०२५ ला इचिरोचंही एकच कमी पडलं, आणि तो एक पत्रकार कोण यावर आठवडाभर डोकेफोड चालते.

आता माझं मत. मी एकच गोष्ट बघतो, त्या माणसाने जे केलं त्यासाठी त्यावेळी खेळात शिक्षा ठरलेली होती का, आणि ती ठरलेली असताना त्याने केलं का. चारित्र्य वगैरे मी बघत नाही. मतदानाच्या नियमात ते लिहिलेलं आहे, सचोटी, खिलाडूवृत्ती, चारित्र्य सगळं आहे, पण १९३६ च्या पहिल्याच बॅचमध्ये टाय कॉबला सगळ्यात जास्त मतं पडली, बेब रूथपेक्षाही जास्त, आणि कॉब काही संत नव्हता. कित्येक दशकं काळ्या खेळाडूंना बाहेर ठेवण्यात ज्यांचा हात होता असे लोकही त्या भिंतीवर आहेत. त्या भिंतीसमोर उभं राहून कोणी मला चारित्र्याचं सांगायला लागलं की मला हसू येतं.

तर बॉन्ड्स. ७६२ होमरन, एका सीझनमध्ये ७३, सात एमव्हीपी. स्टेरॉइड घेतले का? माझ्या मते घेतले, बॅल्को (खेळाडूंना स्टेरॉइड पुरवणारी कंपनी) प्रकरणाच्या साक्षीत ते क्रीम वापरल्याचं तो स्वतःच म्हणाला, फक्त ते काय आहे हे माहीत नव्हतं म्हणाला, ज्यावर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. पण त्या काळात लीगचं काय चाललं होतं ते बघा ना. १९९१ मध्ये कमिशनरने (लीगच्या प्रमुखाने) सगळ्या टीम्सना एक मेमो पाठवला की स्टेरॉइड चालणार नाहीत, बस, पुढे टेस्ट नाही की काही नाही. टेस्ट सुरू झाली २००३ ला, तीही नुसती चाचपणी म्हणून, नावं गुप्त ठेवून. पकडला गेला तर काहीतरी होईल अशी व्यवस्था आली २००४ पासून. १९९४ च्या खेळाडूंच्या संपाने वर्ल्ड सिरीज (सीझनची फायनल) रद्द झाली, लोक चिडून स्टेडियममध्ये यायचे कमी झाले, मग १९९८ ला मॅकग्वायरने ७० आणि सोसाने ६६ होमरन मारले आणि गर्दी परत आली तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. त्या सगळ्या काळात कमिशनरच्या खुर्चीत बसलेला बड सीलिग २०१७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. दुकानाचा मालक आत आणि त्याच दुकानात माल घेणारा बाहेर, हे मला काही केल्या पटत नाही.

आणि बॉन्ड्सचं स्टेरॉइडचं जे काही झालं ते १९९८ च्या सीझननंतर सुरू झालं असं बहुतेक सगळे मानतात. त्याच्या आधीचा बॉन्ड्स काय होता हे ज्यांना माहीत नाही त्यांनी २८ मे १९९८ ची मॅच शोधावी. ॲरिझोना ८, जायंट्स ६, नववी म्हणजे शेवटची इनिंग, तीनपैकी दोन आऊट, तिन्ही बेस भरलेले, बॅटिंगला बॉन्ड्स. ॲरिझोनाचा मॅनेजर बक शोवॉल्टर म्हणाला, याला खेळूच देऊ नका. मुद्दाम चार बॉल बाहेर टाकले (मग बॅटर फुकट पहिल्या बेसवर जातो, आणि बेस भरलेले असले की पुढचे सरकून एक रन होतो), फुकटचा एक रन दिला, स्कोअर ८-७ झाला, पुढच्याला आऊट केलं आणि मॅच जिंकली. म्हणजे समोरच्याने ठरवलं की एक रन हातानेच देऊन टाकू, जिंकायला एकच रन मध्ये राहिला तरी चालेल, पण याच्या बॅटला बॉल लागता कामा नये. ते बघून पण कोणी म्हणत असेल की हा हॉल ऑफ फेमचा नाही तर मग त्याच्याशी काय बोलायचं.

पत्रकारांनी त्याला शेवटच्या, दहाव्या वर्षी ६६ टक्के दिले, त्याच्यासारखाच स्टेरॉइडच्या वादात अडकलेल्या पिचर रॉजर क्लेमेन्सला ६५. तो दिवस होता २५ जानेवारी २०२२, आणि त्याच दिवशी डेव्हिड ऑर्टिझ पहिल्याच झटक्यात आत गेला. २००३ च्या त्या गुप्त चाचणीत याचंही नाव असल्याची बातमी २००९ ला फुटली होती, पुढे कमिशनर मॅनफ्रेडने सांगितलं की ती टेस्ट चुकीची असू शकते. असेलही. पण ऑर्टिझ हसरा, मायक्रोफोन पुढे आला की गोड बोलणारा, आणि बॉन्ड्स पत्रकारांना हाकलून लावणारा. मत कोण देतं? पत्रकार. मला ऑर्टिझ आवडतो, त्याचं काही म्हणणं नाही, पण हिशोब एकच ठेवा.

मॅनी रामिरेझला मी मत देणार नाही. ५५५ होमरन आहेत, त्याची बॅटिंग बघायला काय मजा यायची, पण टेस्ट आणि शिक्षा दोन्ही लागू झाल्यावर तो दोनदा सापडला, २००९ ला ५० मॅचची बंदी, २०११ ला १००. ए-रॉड (अलेक्स रॉड्रिग्ज) तर २०१४ चा अख्खा सीझन बाहेर होता. नियम माहीत, शिक्षा माहीत, तरी केलं. विषय संपला.

याच हिशोबाने पीट रोझ पण बाहेर, आणि इथे माझी सगळ्यांशी भांडणं होतात. ४२५६ हिट्स (बॉल मारून बेस गाठणं), इतिहासात सगळ्यात जास्त, मान्य. पण बेसबॉलमध्ये स्वतःच्या टीमच्या मॅचवर पैसे लावले तर कायमची बंदी हा नियम प्रत्येक क्लबहाऊसमध्ये भिंतीवर लावलेला असतो, तो रोज ये-जा करताना दिसायचा. १९८९ मध्ये बंदी घातली, १९९१ ला हॉलने ठरवलं की बंदी असलेल्याचं नाव मतदानातच येणार नाही. हा माणूस २००४ पर्यंत म्हणत राहिला की मी बेसबॉलवर बेटिंग केलीच नाही, आणि मग पुस्तक काढून त्यात कबूल केलं. लोक म्हणतात तो टीम जिंकावी म्हणूनच लावायचा. अरे पण तो मॅनेजर होता, ज्या दिवशी त्याने पैसे लावले नाहीत त्या दिवशी बुकीला काय कळत असेल? सप्टेंबर २०२४ मध्ये तो गेला, मे २०२५ मध्ये मॅनफ्रेडने सांगितलं की कायमची बंदी माणूस मेला की संपते, रोझ आणि १९१९ च्या फिक्सिंगमधला शूलेस जो जॅक्सन धरून सतरा जणांची नावं बंदीच्या यादीतून काढली. आता डिसेंबर २०२७ मध्ये त्यांचा विषय कमिटीपुढे येऊ शकतो, आणि मला वाटतं रोझ जाईल आत. हल्ली प्रत्येक मॅचच्या ब्रेकमध्ये बेटिंग ॲपच्या जाहिराती असतात, त्यामुळे हे कमिटीवाले तोंड वर करून अडवणार तरी कसे.

या सगळ्या गोंगाटात ज्याने काहीच केलं नाही त्याचं कोणी नाव काढत नाही. मी मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो, आणि इकडे डेट्रॉइट टायगर्सच्या जुन्या माणसासमोर हॉल ऑफ फेम म्हटलं की तो आधी लू व्हिटेकर म्हणतो. आमच्या शेजारचे आजोबा तर तो बॅटिंगला आल्यावर स्टेडियम कसं "लूऽऽऽ" करायचं ते करून दाखवतात, बाहेरच्याला वाटायचं हे आपल्याच माणसाला बू करतायत का काय. सेकंड बेसला लू, शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे) ॲलन ट्रॅमेल. दोघं ९ सप्टेंबर १९७७ ला बोस्टनमध्ये एकाच मॅचमध्ये पहिल्यांदा खेळले आणि मग १९१८ मॅचेस बरोबर खेळले, १९८४ ची वर्ल्ड सिरीज जिंकली. लूचे २३६९ हिट्स, २४४ होमरन, तीन गोल्ड ग्लव्ह (फिल्डिंगचं बक्षीस). वॉर नावाचा जो सगळं एकत्र करून काढलेला आकडा असतो त्यात लू ७५ च्या आसपास, जीटर आणि ट्रॅमेल ७१ च्या आसपास, केंट ५५.

२००१ ला पहिल्यांदा यादीत नाव आलं आणि ५१५ पत्रकारांपैकी १५ जणांनी मत दिलं. २.९ टक्के. बाद. त्यावेळी वॉर वगैरे कोणी बघत नव्हतं, चार बॉल सोडून शांतपणे बेसवर जाणाऱ्याचं कोणाला कौतुक नव्हतं, आणि लू स्वतःबद्दल बोलायचा पण नाही. ट्रॅमेल पंधरा वर्षं यादीत टिकून राहिला, पत्रकारांनी नाहीच घेतलं पण कमिटीने घेतलं, आणि २०१८ ला तिथे भाषणात त्याने लूकडे बघून सांगितलं की तूही एक दिवस इथे असावास. त्यानंतर २०१९ च्या कमिटीत लूला सहा मतं पडली आणि डिसेंबर २०२५ च्या आठ जणांच्या यादीत नावच नव्हतं.

१९८५ च्या ऑल-स्टार मॅचला (निवडक स्टार खेळाडूंची मॅच) लू मिनियापोलिसला गेला आणि युनिफॉर्म घरी गाडीत विसरला. मग स्टेडियममधल्या दुकानातून प्रेक्षकांसाठीचा टायगर्सचा शर्ट घेतला, पाठीवर मार्करने १ आकडा काढला, कॅपही तिथलीच, आणि तसाच मैदानात उतरला. तो मार्करवाला शर्ट आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियमकडे आहे. देशाच्या म्युझियमला शर्ट चालतो आणि कूपर्सटाऊनला माणूस चालत नाही.

मला घाई याची आहे की या कमिट्या फार आरामात काम करतात. डिक ॲलन हा जुना खेळाडू दोनदा एकेका मताने राहिला, २०२० ला वारला आणि डिसेंबर २०२४ मध्ये निवडून आला. त्याच्याबरोबर निवडलेला डेव्ह पार्कर जिवंत होता, पण सोहळा २७ जुलै २०२५ ला आणि तो २८ जूनला गेला. लूच्या काळातल्या खेळाडूंची कमिटी आता डिसेंबर २०२८ ला बसणार, तेव्हा तो ७१ वर्षांचा असेल. बॉन्ड्सला पाचपेक्षा कमी मतं पडल्यामुळे नव्या नियमाने त्या यादीत त्याचं नाव नसणार, म्हणजे एक जागा तर रिकामी आहेच.