पुकारा

आमच्या घरात 'कोर्ट' हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. भाऊबंदांत कुणी जुनं काही उकरून काढलं की वडील म्हणायचे, "मग जा कोर्टात," आणि त्यांच्या दृष्टीने विषय संपायचा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण त्यांनी इतकी मनावर घेतली होती की बांध कोरणाऱ्या चुलतभावाला दोन फूट जमीन हसत सोडून दिली. (हसत म्हणजे आमच्यासमोर. आईचं म्हणणं वेगळं आहे.) आणि याच माणसाने जाताना आई, ताई आणि मी अशा तिघांना नेमकं त्याच पायरीवर आणून सोडलं. एका मुदत ठेवीच्या पावतीवर नॉमिनीचा रकाना कोरा होता. बँकेतल्या मुलीने पावती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "काका, वारस दाखला लागेल. कोर्टाचा."

भांडण नाही, प्रतिवादी नाही, तरी कोर्ट. वकीलसाहेबांनी समजावलं की हा दाखला 1827च्या मुंबई रेग्युलेशन 8 खाली मिळतो. मला वाटलं, साहेबांची जीभ घसरली. नाही, 1827च. पेशवाई बुडून दहा वर्षंही झाली नव्हती, मुंबईत एल्फिन्स्टन गव्हर्नर होता, तेव्हाची ही तरतूद. वडिलांची ठेव पाच वर्षांपूर्वीची आणि ती मोकळी करायला दोनशे वर्षांपूर्वीची किल्ली. आमच्या घरात एवढी जुनी वस्तू असलीच तर पाटा-वरवंटा, आणि तोही आता कुंड्यांच्या शेजारी पडून आहे.

नाशिकला सीबीएसला, म्हणजे मधल्या बसस्टँडला उतरून जुन्या आग्रा रोडला लागलं की लगेच कोर्टाचं आवार. पलीकडे कलेक्टर कचेरी. एवढ्याशा पट्ट्यात माणसाचं चालणं बदलतं. बसस्टँडवर धावणारा माणूस इथे फाइल छातीशी धरून सावकाश चालायला लागतो. टायपिंगवाले, झेरॉक्सवाले, नोटरी, स्टॅम्प व्हेंडर. आणि सगळ्यांना एकच वाक्य पाठ: "साध्या कागदावर नाही चालणार."

खरं तर चालतं. सरकारी कामासाठी द्यायच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क सरकारने 2004 सालीच माफ केलं आहे. तरी वीस वर्षं लोक शंभराच्या स्टॅम्पसाठी रांग लावत होते. ऑक्टोबर 2024मध्ये सरकारने शंभराच्या जागी पाचशे केले, तेव्हा कुठे लोकांना माफीची आठवण झाली. मी एका व्हेंडरला विचारलं, माफ आहे ना? तो म्हणाला, "माफ आहे, पण साहेब परत पाठवतात." कोणते साहेब, हे त्याला सांगता आलं नाही. असे न दिसणारे साहेब आपल्याकडे फार. अर्धा कारभार त्यांच्याच धाकावर चालतो.

आमच्या अर्जावर मात्र कोर्ट फीची तिकिटं लागलीच. ती चिकटवताना आईने एक तिकीट हातात धरून निरखून पाहिलं. ही तिकिटं नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जातात आणि माझे मोठे मामा त्याच प्रेसमधून निवृत्त झाले. एका काळी नाशिकमध्ये 'मुलगा प्रेसमध्ये आहे' एवढ्यावर लग्न जमायचं. "आयुष्यभर दादा हेच छापत होता," आई म्हणाली, "आणि मला आता विकत घ्यावं लागलं." मामा जाऊन सहा वर्षं झाली.

पुढची अडचण नावाची. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहून आईचं नाव बदललं होतं, त्या काळच्या रीतीप्रमाणे. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं. वकीलसाहेबांनी दोन्हींच्या मध्ये 'उर्फ' घातलं आणि दोन्ही बायका एकच आहेत, असं आईला शपथेवर सांगावं लागलं. उर्फच्या अलीकडे माहेर, पलीकडे सासर. आईला हे फारच विनोदी वाटलं. "पन्नास वर्षं मी कुणाला सांगत नव्हते, ते तुझ्या वकिलाने दोन मिनिटांत लिहून काढलं."

तारीख जानेवारीतली होती. निफाडचा पारा रोज पेपरात येत होता ते दिवस. कोर्टाच्या नव्या उंच इमारतीचं उद्घाटन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झालं ते 2025च्या सप्टेंबरात, म्हणजे आमची वारी जुन्या व्हरांड्यातली. तिथे भिंतीला लागून एक लांब बाक होता आणि खरं कोर्ट त्या बाकावरच भरतं, असं माझं मत झालं आहे. आत जे चालतं ते कागदांचं. सिनेमामुळे मी हातोडा शोधत होतो, तो कुठेच नव्हता. होता तो खाली मान घालून लिहिणारा माणूस आणि गठ्ठे. बाकावर मात्र माणसं होती.

आईच्या शेजारी निफाडकडचे एक आजोबा. टोपी, मफलर, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत सातबारा आणि न वटलेल्या चेकसोबत बँकेने दिलेली चिठ्ठी. दोन वर्षांपूर्वी व्यापाऱ्याने द्राक्षबाग बघितली, भाव ठरला, माल उचलला, चेक दिला. चेक परत आला. कलम 138, हे त्यांना सातबाऱ्याच्या गट नंबरइतकं पाठ. बोटांवर मोजून त्यांनी आईला समजावलं, "ताई, बँकेची चिठ्ठी आली का तीस दिवसांत नोटीस धाडायची. नोटीस पोचली का त्याला पंधरा दिवस द्यायचे. तरी नाही दिले, तर पुढच्या महिन्याभरात केस. हे हुकलं का मग रडत बसायचं." छाटणीनंतर कितव्या दिवशी कोणती फवारणी, त्याच सुरात.

"आणि तो माणूस? पळाला?" आईने विचारलं.

आजोबांनी हनुवटीने बाकाचं दुसरं टोक दाखवलं. तिथे चाळिशीतला एक जण मोबाइल बघत बसला होता. "हा काय. मागच्या तारखेला गाडीभाडं मीच दिलं त्याला. तो नाही आला तर पुढची तारीख पडते, आपली खेप वाया जाते. बागेत रात्री शेकोट्या करायच्या का इथं यायचं?"

आई अवाक झाली. मीही. आम्ही कोर्ट म्हणजे वैर समजत होतो. इथे धनको ऋणकोला तिकिटाचे पैसे देऊन आणत होता आणि थोड्या वेळाने तिघांसाठी चहा आला त्यात त्याचाही कप होता. त्याने संकोचाने घेतला. लोकअदालतीत ठेवू, असं त्यांच्या वकिलांचं चाललं होतं म्हणे. तिथे तडजोड झाली की ती हुकूमनाम्यासारखीच धरतात आणि त्यावर अपील नाही. आजोबांना अपील नसण्याचंच आकर्षण जास्त होतं. "माझं वय बघा ना," ते म्हणाले.

बसल्या बसल्या माझं लक्ष शब्दांकडे गेलं. महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना 21 जुलै 1998ची. पण ही कोणती मराठी? अर्ज, दावा, फिर्याद, वकील, तारीख, नक्कल, रोजनामा, हजर, गैरहजर. फारसी-अरबीतून आलेले हे सगळे पाहुणे असे घरचे झालेत, की त्यांच्या जागी आणलेले संस्कृत शब्दच परके वाटतात. 'न्यायालयात जातो' असं म्हणणारा माणूस मी त्या व्हरांड्यात ऐकला नाही. 'तारखेला आलोय' म्हणतात. कोर्टाचं खरं नाव तारीख.

याच गावात 1878 साली न्यायमूर्ती रानडे बदलून आले होते, सबजज्ज म्हणून, आणि त्याच सुमारास लोकहितवादीही इथे सेशन जज्ज होते. दोघेही दिवसा सरकारचे निकाल लिहायचे आणि बाकीच्या वेळात समाजाला फैलावर घ्यायचे. आणि याच नाशिकच्या सत्र न्यायालयाने जून 1909मध्ये बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्याची सजा दिली. पुरावा काय, तर त्यांनी छापलेल्या कविता. कविता मुद्देमाल म्हणून जमा होण्याचा तो काळ. त्याच डिसेंबरात विजयानंद थिएटरमध्ये कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेंनी गोळ्या झाडल्या, मुंबईत खटला झाला आणि 19 एप्रिल 1910ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरेंना फाशी झाली. आज सीबीएसपासून जवळच गोल्फ क्लबच्या मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचं नाव आहे. सकाळी लोक तिथे पोट कमी करायला चकरा मारतात, रणजीचे सामने होतात. ज्याला कोर्टाने गुन्हेगार ठरवलं, त्याला गावाने हुतात्मा ठरवलं. दोन्ही निकाल आपापल्या जागी कायम आहेत आणि त्यांच्यामधून सिटीबस जाते.

हे सगळं आईला सांगावं म्हणून मी चहाचे कप परत द्यायला गेलो आणि येतोय तोच दाराशी पट्टेवाला उभा राहिला.

पुकारा म्हणतात त्याला. फोनवर केसची स्थिती दिसते, सोळा अक्षरांचा एक नंबर टाकला की पुढची तारीख येते. पण आत घेण्याआधी माणसाला तोंडाने हाक मारायची पद्धत सुटलेली नाही. मला ही हाक फार आवडली. सरकारचं इतर प्रत्येक खातं तुमच्याविषयी तुमच्या पाठीमागे ठरवतं, इथे दारात येऊन नाव घेतात आणि वाट बघतात. नाव नीट घेतात असं नाही. आडनावांची तर खांडोळीच करतात.

पट्टेवाल्याने आईचं नाव पुकारलं. अलीकडचं, माहेरचं, वडिलांच्या नावासकट. मग "उर्फ" म्हणून जरा थांबला, कागद डोळ्यांजवळ नेला. आई शांतपणे आजोबांची फवारणी ऐकत होती. त्याने परत पुकारलं. आई हलली नाही. मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये माणसंच माणसं. बरं, कोर्टात तुम्ही गैरहजर राहिलात तर अर्ज काढून टाकायला वेळ लागत नाही. तिसऱ्यांदा पुकारा झाला तेव्हा आजोबांनीच तिला कोपराने ढोसलं, "ताई, तुमचंच हाये ना हे?"

आई गडबडून उठली. आत साहेबांनी विचारलं, जाहीर नोटीस दिली का, कुणाची हरकत आली का. वकील म्हणाले, नाही. आईने सही केली. चार मिनिटांत आम्ही बाहेर. निकालाची तारीख पंधरा दिवसांनंतरची पडली.

"ऐकू आलं नाही का गं?" मी जरा चिडूनच विचारलं.

"आलं की. चांगलं खणखणीत आलं." मग पदर सारखा करत म्हणाली, "अरे, त्या नावाने दादा गेल्यापासून कुणी हाकच मारली नाही. मला वाटलं, दुसरीच कुणी असेल."

मी म्हटलं, चल, आता निघू. मेहेर सिग्नलपर्यंत चालत जाऊ, तिथून रिक्षा. पण ती पुन्हा बाकावर बसली. आजोबा व्यापाऱ्याला घेऊन झेरॉक्स काढायला गेले होते आणि त्यांची पिशवी आईपाशी होती. सातबारा, चिठ्ठी, सगळं. कुणाच्या भरवशावर ठेवून जायचं? आम्ही बसलो. दहा मिनिटं झाली. शेजारच्या कोर्टाच्या दारात दुसरा पट्टेवाला आला आणि त्याने आजोबांचं नाव पुकारलं. मान वर करून व्हरांड्यावर नजर टाकली. पुन्हा पुकारलं.

आई ताडकन उभी राहिली. पिशवी उंच धरून ओरडली, "हजर आहेत! आलेच! एवढे खाली झेरॉक्सला गेलेत!"

अख्खा व्हरांडा वळून बघायला लागला. पट्टेवाल्याने चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही कोण त्यांच्या?"

"मी?" आई म्हणाली, "मी इथलीच. बाकावरची."